गर्द ते एमडी : राहून गेलेली तपासणी

१९८६ साली दोन गोष्टी घडल्या. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांनी हाती घेतलेल्या रक्ततपासणीतून देशातला एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा उघडकीला आला. आणि पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या तरुणांवर अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. देशपांडे हलून गेले होते आणि त्यांनी मदत देऊ केली होती. या दोन्ही कामांनी हजारो माणसं वाचवली. पण सरकारदरबारी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे गेली, एड्स आरोग्य खात्याकडे. नशेत अडकलेला आणि नुकतंच शरीरसंबंधांना सुरुवात केलेला एकोणीस वर्षांचा मुलगा या दोन खात्यांच्या मधल्या जागेत उभा होता. आजही बऱ्याच अंशी तो तिथेच आहे.

मणिपूरने हे फार लवकर दाखवून दिलं होतं. म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉइन तिथली पोरं एकाच सिरिंजने आळीपाळीने टोचून घेत. १९८९च्या सप्टेंबरपर्यंत त्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. नव्वदचं दशक संपता संपता बाधितांच्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणींना लागण झालेली होती. त्यांच्यापैकी बहुतेकींनी सुई कधी हातातही घेतली नव्हती. एवढं समोर आल्यावर तरी नशा करणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या लैंगिक आरोग्याची चौकशी हा उपचाराचा पहिला भाग व्हायला हवा होता. तसं झालं नाही.

झालं ते कमी नव्हतं, हेही सांगायलाच हवं. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमाच्या २००७ला सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात स्वच्छ सुया वाटणं, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही चाचणी यांचं जाळं वाढलं. जुन्या सुया गोळा करत पुलाखाली आणि रेल्वेरुळांच्या कडेने फिरणारे कार्यकर्ते, त्यांतले कित्येक स्वतः नशेतून बाहेर आलेले, हा या कामाचा कणा. तरीही २०२१च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं. देशातल्या प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२ टक्के.

लैंगिक आजारांच्या बाबतीत मात्र सगळी भिस्त तक्रारीवर राहिली. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार रंगीत पाकिटं ठरलेली असतात. लघवीच्या जागी स्राव असेल तर करडं पाकीट: एक ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्झिम, दोन्ही एकाच वेळी. व्रणाला वेगळा रंग, ओटीपोटातल्या दुखण्याला वेगळा. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ही पद्धत वरदानच आहे. पण क्लॅमिडिया बहुतेक मुलींमध्ये आणि पुष्कळ मुलांमध्ये काहीच त्रास न देता राहतो. त्रास नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे पाकीटही नाही. मुलीच्या बाबतीत त्याचं मोल गर्भनलिकेला इजा होऊन, कधी मूल न होण्यापर्यंत जातं. खरं तर क्लॅमिडिया शोधायला लघवीचा नमुना पुरतो. पण ती चाचणी सरकारी दवाखान्यात सहजासहजी मिळत नाही. सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट.

दरम्यान नशाच बदलली. मुंबईत गर्द पन्नीवर ओढली जायची. मग रस्त्यावरच्या मुलांच्या हाती व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन आलं, वस्त्यांमध्ये बटण नावाच्या गोळ्या आल्या, कॉलेजांपर्यंत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पोचलं. एमडीला अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली आणायला २०१५ उजाडलं. यांपैकी बहुतेकांना सुई लागत नाही आणि एड्स प्रकल्पातली नोंद सुईवरून ठरते. एमडी नाकाने ओढून रात्रभर जागलेला, कुणाबरोबर काय झालं हे सकाळी धड न आठवणारा मुलगा त्या रजिस्टरात बसतच नाही. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगून करायच्या नशेचं प्रमाण दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.७ टक्के होतं, मोठ्यांपेक्षा जास्त. इतर कुठल्याही नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नव्हती.

याच मुलांपुढे वयाची भिंत उभी आहे. अठरा पूर्ण नसतील तर एचआयव्ही चाचणीसाठी पालकाची संमती आणा, असं सांगितलं जातं. ज्याने घर सोडून दोन वर्षं झाली त्याने ती आणायची कुठून? २०१७चा एचआयव्ही कायदा एका बाबतीत उदार आहे: एड्सने खचलेलं घर सांभाळणारं, बारा वर्षांवरचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं. तेवढाच विश्वास स्वतःची तपासणी मागणाऱ्या मुलावर का नाही? त्यात पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. २०१२पासून अठराखालील संबंध हा गुन्हा, आणि माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं. कायद्यामागचा हेतू मुलांना जपण्याचा आहे आणि अत्याचाराच्या प्रकरणांत तो हवाच. पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरी चढताना याच धाकाने मागे फिरते. २०२२च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती सवलत दिली. मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना सांगण्याची गरज नाही, असं म्हटलं. तपासणीसाठी अशी स्पष्ट सवलत अजून नाही.

अलीकडच्या काळात एक बदल मला महत्त्वाचा वाटतो. पाचव्या टप्प्यात नाकोने संपूर्ण सुरक्षा केंद्रं सुरू केली. तिथे माणूस कुठल्या गटात मोडतो यापेक्षा त्याला धोका आहे का, हे आधी पाहायचं, अशी कल्पना आहे. एमडीवाल्या मुलाला आत शिरायला ही पहिली फट. एकाच थेंबात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारं किट आता आहे. बोट टोचल्यापासून अर्ध्या तासात उत्तर मिळतं. गरोदर बायांच्या तपासणीत ते वापरलं जातंच. तेच किट व्यसनमुक्ती केंद्रांच्या वॉर्डात आणि किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये ठेवायला हवं. दाखल झालेल्या मुलाला शुद्धीवर आल्यानंतरच्या आठवड्यात शरीरसंबंधांबद्दल शांतपणे विचारता येतं, आणि तो बहुतेकदा बोलतोही, कारण हे त्याला तोवर कुणी विचारलेलंच नसतं. त्यासाठी दोन खात्यांच्या सचिवांनी एका कागदावर सह्या करणं पुरे आहे.