शर्टाचे बटण लागेना, तर मानही तपासा

शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो, घास बोटांतून सांडतो, किल्ली कुलपात नीट जात नाही. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ती कधी निसटली हेही कळत नाही. साठीच्या आसपासचा माणूस हे सगळे वयावर ढकलतो. हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवते, कुणी मधुमेहाला दोष देते, कुणी मनगटातली नस दबली असेल म्हणते. मान दुखतेच असे नाही, त्यामुळे तिकडे लक्षच जात नाही. निदान व्हायला दोन-दोन वर्षे उलटतात.

मानेतला मज्जारज्जू करंगळीएवढा जाड. मेंदूकडून हातापायांना जाणारे निरोप त्यातूनच जातात. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या झिजून फुगतात, हाडांना टोके येतात, अस्थिबंध जाड होतात. एरवी 17-18 मिलिमीटर रुंद असलेली पोकळी 13 मिलिमीटरच्या खाली गेली, की रज्जू दबण्याचा धोका वाढतो. तो दबून इजा झाली, की त्या आजाराला ‘सर्व्हायकल मायलोपॅथी’ म्हणतात. प्रौढांमध्ये मज्जारज्जूचे काम बिघडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. (सलूनमध्ये मान ‘मोडून’ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.)

नेहमीचा एमआरआय रज्जू कुठे आणि किती दबला आहे, हे छान दाखवतो. आतल्या तंतूंना किती इजा झाली, हे मात्र तो नीट सांगत नाही. रज्जूत पांढरा डाग दिसतो, पण डाग आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. उलट, धडधाकट माणसातही दबलेला रज्जू सापडतो. टोरॉंटोमध्ये मज्जासंस्थेचा कोणताही त्रास नसलेल्या 40 जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या 20 जणांचा रज्जू मानेत दबलेला होता! त्याच अभ्यासात प्रगत एमआरआयच्या मोजमापांत मात्र या 20 जणांच्या रज्जूत सूक्ष्म बदल आढळले.

हे मोजमाप पाण्यावर चालते. उसाची मोळी डोळ्यांसमोर आणा. रस उसाच्या लांबीने सहज जाईल, आडवा जाणार नाही. निरोगी रज्जूतले पाण्याचे रेणूही तंतूंच्या दिशेने धावतात. तंतू तुटले, की ते वाट्टेल तिकडे पसरतात. ‘डिफ्युजन टेन्सर इमेजिंग’ ही शिस्त 0 ते 1 अशा आकड्यात मोजते. आकडा घसरला, म्हणजे इजा. दुसरी एक पद्धत तंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणाचा अंदाज देते.

अडचण रज्जूच्या जागेची आहे. तो बारीक आहे, श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतो. शेजारचे हाड आणि फुप्फुसातली हवा चित्र बिघडवतात. यंत्र बदलले की आकडाही बदलतो. म्हणून 2021 मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून सर्वांसाठी एकसारखी तपासणीपद्धत प्रसिद्ध केली.

याची खरी गरज सौम्य आजाराच्या रुग्णांना आहे. 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम व तीव्र आजारात शस्त्रक्रिया करावी. सौम्य आजारात मात्र शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायामोपचार, असे दोन्ही मार्ग खुले आहेत. थांबावे, तर या काळात रज्जू आतून खराब होत असेल. घाई करावी, तर कदाचित गरज नसलेले ऑपरेशन होईल. शस्त्रक्रियेने पुढचा ऱ्हास बहुधा थांबतो, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची खात्री नसते. ठरावीक काळाने मोजलेला आकडा घसरताना दिसला, तर हा पेच सुटायला मदत होईल.

सध्या हे तंत्र मुख्यतः संशोधनातच आहे, त्यासाठी हट्ट धरण्याचे कारण नाही. तोवर दवाखान्यात बिनखर्चाची एक चाचणी आहेच. हाताची मूठ शक्य तितक्या वेगाने उघडायची आणि मिटायची. निरोगी माणूस 10 सेकंदांत 20 वेळा तरी हे करतो. ज्याला ते जमत नाही, त्याची मान आणि पायांचे रिफ्लेक्स डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासावेत.