महाग भाग आणि मंदीवाल्याचा हिशेब

एखाद्या कंपनीचा भाग, म्हणजेच शेअर, त्याच्या खऱ्या मोलापेक्षां फार वर चढलेला दिसला, कीं कित्येकांस तो जवळ नसतांही विकण्याचा मोह होतो. असा मंदीवाला दुसऱ्याकडून भाग उसना घेतो, चढ्या भावानें विकतो आणि भाव उतरल्यावर स्वस्तांत खरेदी करून ज्याचा त्यास परत करतो. मधला फरक तो त्याचा नफा.

परंतु या व्यवहाराचीं दोन पारडीं सारखीं नाहींत. 100 रुपयांचा भाग घेणाऱ्याचें नुकसान फार तर 100 रुपयेच होईल. उसना घेऊन विकणाऱ्याच्या नुकसानीस मात्र मर्यादा नाहीं, कारण भाव कोठवर चढेल यास मर्यादा नसते.

म्हणून भाग खरोखर महाग आहे कीं काय, हें प्रथम तपासावें. भावाचें मिळकतीशीं प्रमाण त्याच धंद्यांतील इतर कंपन्यांच्या मानानें किती आहे? ताळेबंदांत नफा दिसत असतां हातीं रोकड येते, कीं नुसती येणीं फुगत चाललीं आहेत? कर्जाचें ओझें किती? इतकें पटलें तरी निम्मेंच काम झालें.

जर्मनींतील फोक्सवॅगन या मोटार कंपनीचें उदाहरण पाहावें. 2008 सालीं जगाचा व्यापार खालावत असतां तिचा भाग चढा होता. म्हणून पुष्कळांनीं तो उसना घेऊन विकला. 26 ऑक्टोबर रोजीं पोर्शे कंपनीनें जाहीर केलें कीं, 42.6 टक्के भाग आपल्या हातीं असून आणखी 31.5 टक्क्यांचे करार झालेले आहेत. लोअर सॅक्सनी प्रांताच्या सरकारजवळ 20 टक्क्यांहून थोडे अधिक होते. बाजारांत मोकळे उरले जेमतेम 6 टक्के. उसने घेऊन विकलेले भाग त्याच्या दुपटीच्या घरांत होते. परतफेडीसाठीं एकच धावपळ उडाली. सुमारें 210 युरोंचा भाव बाजाराच्या दोन दिवसांत 1000 युरोंवर गेला. पुढें तो पुष्कळच उतरला. परंतु जे मध्येंच खरेदी करून मोकळे झाले, त्यांस आपला अंदाज खरा ठरल्याचा काय लाभ?

तेव्हां विक्रीपूर्वीं आणखी तीन प्रश्न विचारावेत. मोकळे भाग किती? उसनवारीचा खर्च किती? आणि भाव विरुद्ध गेल्यास किती काळ थांबण्याची ऐपत आहे? उत्तरें समाधानकारक नसतील, तर महाग भागाकडे पाहून स्वस्थ बसणें हेंच शहाणपणाचें होय.