शिरोभिघातानंतरची स्वप्रतिकार प्रतिक्रिया व मज्जातंतूंची हानी

लोकलच्या दारातून पडलेला, दुचाकीवरून आपटलेला वा परांचीवरून घसरलेला रुग्ण प्रथम कूपर, राजावाडी वा शीव येथील रुग्णालयात जातो. आपल्याकडे तो येतो दोन-तीन महिन्यांनी. शिरःशूल, भ्रम, विस्मरण, हातापायांतील बधिरता घेऊन, आणि बहुधा ‘काहीतरी ताकदीचे द्या’ म्हणत.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्रिमर्मीय अध्यायात शिरोमर्माच्या अभिघाताची लक्षणे देताना मन्यास्तंभ, अर्दित, मोह, चेष्टानाश, गद्गदत्व यांचा निर्देश आहे. घाव मस्तकास आणि विकृती वाणीत व गात्रांत, हा संबंध ग्रंथकारांनी अचूक टिपला.

आघातासमयी ताणले गेलेले मज्जातंतू पुढे काही तासांत वा दिवसांत तुटतात. त्याच वेळी रक्त व मेंदू यांमधील अडसर सैल होतो आणि एरवी मेंदूत बंदिस्त असणारी मायेलिन, जीएफएपी, एस१००बी ही प्रथिने रक्तात उतरतात. रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना परके समजते व काही रुग्णांत त्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. ही प्रतिपिंडे हानी करतात की तुटलेल्या ऊतींचा कचरा हलविण्यास साहाय्य करतात, हा वाद मिटलेला नाही. प्रसंगपरत्वे दोन्ही घडत असावे, असे आम्हांस वाटते. मेंदूतील मायक्रोग्लिया पेशी मात्र एकाच आघातानंतर कित्येक वर्षे उत्तेजित राहिल्याचे काही शवविच्छेदनांत आढळले आहे.

मग दाह दडपून टाकावा, हे साहजिक वाटते. स्टिरॉइड त्याच हेतूने दिले जात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत १०,००८ रुग्ण होते. दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण स्टिरॉइड दिलेल्यांत २१.१ टक्के, तर न दिलेल्यांत १७.९ टक्के भरले आणि तो प्रघात मागे पडला.

आपल्या दुकानांत दुसरे टोक दिसते: ‘प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी’ सरसकट गुळवेल. ज्या यंत्रणेचा रोख स्वतःच्याच ऊतींकडे वळला असण्याचा संभव आहे, तिला वाढवायचे म्हणजे नेमके काय करायचे? २०२१ साली मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चित्र स्वप्रतिकार यकृतदाहासारखे होते. वनस्पतीची ओळख पटविली नाही, हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. तथापि २०२२ साली १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. केवळ आक्षेपावर विसंबून राहणे आपणांस शोभणार नाही. निदान स्वप्रतिकार विकार वा थायरॉइडचा इतिहास विचारल्याशिवाय, आणि द्रव्याची शुद्धता पारखल्याशिवाय ते देऊ नये.

अपस्माररोधक औषधे चालू असल्यास ती आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. तसेच वाढती डोकेदुखी, वांती, गुंगी किंवा एका अंगाची दुर्बलता दिसली, तर नस्य व शिरोधारा बाजूस ठेवून त्याच दिवशी सीटी स्कॅनसाठी पाठवावे. मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव, विशेषतः वृद्धांत, किरकोळ मारानंतर कित्येक आठवड्यांनीही प्रकट होतो, आणि रुग्ण तो मार विसरूनही गेलेला असतो.