ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल
ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल ही डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्ही ठिकाणी चालविता येणारी दुचाकी आहे. दिवे, आरसे व नोंदणी क्रमांक असल्याने ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येते; केवळ मोटोक्रॉससाठी बनविलेली दुचाकी मात्र दुसऱ्या वाहनातून न्यावी लागते.

इतिहास
इ.स. १९६८ मधील यामाहा डीटी-१ मुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. भारतात हिरो इम्पल्स (२०११), रॉयल एनफील्ड हिमालयन (२०१६) आणि हिरो एक्सपल्स २०० (२०१९) ही या धर्तीची वाहने आली.

आकर्षणाची कारणे
डांबरी रस्त्यावरील थरार बहुधा वेगातून येतो. कच्च्या वाटेवर तो मंद गतीतही अनुभवता येतो. चाक घसरणे ही तेथे नित्याची बाब असते. चालक फूटरेस्टवर उभा राहून गुडघे सैल ठेवतो, धक्के पायांनी पेलतो आणि क्लच व थ्रॉटल यांच्या साहाय्याने पकड सांभाळतो. खडी, वाळू, चिखल किंवा ओढा आला की तंत्र बदलावे लागते. त्यामुळे मन एकाग्र राहते आणि कौशल्यातील प्रगती चालकाला लगेच जाणवते. मोटारीने गाठता न येणारी ठिकाणेही आवाक्यात येतात.

मर्यादा
उंच आसन व खडबडीत टायर यांमुळे महामार्गावरील लांबचा प्रवास तुलनेने कष्टाचा ठरतो. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेशावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निर्बंध आहेत. सह्याद्रीतील कातळसड्यांवर मातीचा थर पातळ असल्याने चाकांखाली तेथील हंगामी वनस्पती नष्ट होऊ शकतात. म्हणून रुळलेली वाट न सोडणे आवश्यक मानले जाते.