एक टेबल, तीन घड्याळे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या रात्रीला झोप उरत नाही. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या दिशेने ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक येत राहतात, वजनकाट्यापुढे रांग लागते आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर मध्यरात्रीही माणसे जागी असतात. त्यांना चहा मिळतो, कधी वडापाव मिळतो. ताटभर जेवण मिळेलच असे नाही.

गेल्या हंगामात ओळखीतला एक तरुण एक जाडजूड फाईल घेऊन माझ्याकडे आला. रस्त्यालगतच्या वडिलोपार्जित जागेत त्याला रात्री उशिरापर्यंत चालणारे हॉटेल काढायचे होते. पुढे फॅमिली रेस्टॉरंट, मागे परमिट रूम आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा. मी वकील नाही. जुने कायदे, राजपत्रे आणि निकालपत्रे वाचण्याचा छंद पंचवीस-तीस वर्षे जडला आहे, एवढीच माझी पात्रता. फाईल माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "काका, हॉटेल एकच हाय. मग जेवनाला येगळा कागद, दारूला येगळा, गाण्याला येगळा, असं का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला दीडशे वर्षे मागे जावे लागले. त्या शोधाचा हा वृत्तान्त आहे.

जेवणाचे घड्याळ

तिघांत जेवण सर्वांत सोपे. अन्नपदार्थ विकणे हा व्यवसाय आहे आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने नागरिकाला दिला आहे. सरकार त्यावर वाजवी निर्बंध घालू शकते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो तो याच अर्थाने. स्वयंपाकघर स्वच्छ असेल, पाणी चांगले असेल, तर परवाना नाकारण्याचे कारण राहत नाही.

वेळेचेही बंधन आता सैल झाले आहे. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा ठरवून देत असे. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्याने आस्थापना वर्षाचे ३६५ दिवस आणि चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. मात्र कोणत्या प्रकारच्या आस्थापनेची वेळ काय असावी, हे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. त्या अधिकारात दारू देणाऱ्या जागा चोवीस तासांच्या मुभेतून वगळल्या गेल्या. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर उपाहारगृहे चालू ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हाही दारूची वेळ रात्री दीडपर्यंतच राहिली. जेवण पहाटेपर्यंत मिळेल, पेला दीडला उचलला जाईल, असा तो हिशेब होता. टेबल एकच, पण घड्याळे दोन.

बाटलीचे घड्याळ

दारूच्या परवान्याकडे वळलो की सगळी भाषाच बदलते. आपल्याकडे या परवान्यामागे जो कायदा उभा आहे, त्याचे नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असे आहे. विक्रीचा परवाना बंदीच्या कायद्याखाली मिळतो, ही विसंगती वाटते खरी, पण तिला इतिहास आहे.

इंग्रजांच्या काळात दारू हे महसुलाचे साधन होते. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा त्यासाठीच होता. राष्ट्रीय चळवळीने दारूबंदीचा आग्रह धरला आणि मुंबई प्रांतातल्या पहिल्या काँग्रेस सरकारने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. डॉ. एम. डी. डी. गिल्डर तेव्हा मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षीचा हा कायदा. म्हणजे आमच्या भागाने राजाचे राज्य आणि दारूचा पेला, दोन्हींना मागेपुढे एकाच वर्षात निरोप दिला. निदान कागदोपत्री.

पुढे साठच्या दशकात बंदी शिथिल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. त्याला अपवादांची ठिगळे लागत गेली. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला. ज्याच्याकडे पिण्याचे परमिट आहे, त्याने बसून प्यायची ही खोली. आज हा शब्द आपण बार या अर्थाने वापरतो, पण कायद्याच्या नजरेत तो आजही खराच आहे. विदेशी मद्य पिणाऱ्याने एक दिवसाचे पाच रुपयांचे, वर्षाचे शंभर रुपयांचे किंवा आजन्म हजार रुपयांचे परमिट घेणे अपेक्षित असते. किती गिऱ्हाइके ते खिशात घेऊन बसतात, हे वाचकांना सांगायला नको.

हॉटेलमालकाला लागतो तो 'एफएल-३' परवाना. १९५३ च्या मुंबई विदेशी मद्य नियमांखाली तो मिळतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो, चौकशी होते आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होतो. शाळा, देऊळ, बसस्थानक यांपासूनचे अंतर मोजले जाते. स्थानिक संस्थेचे म्हणणे विचारले जाते. किरकोळ विक्रीच्या दुकानांना राज्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून नवे परवाने दिलेले नाहीत, पण परमिट रूमचे दार उघडे राहिले. रस्त्यारस्त्यावर बार का वाढले आणि 'वाईन शॉप'चा जुना परवाना सोन्याच्या भावाने का हस्तांतरित होतो, याचे एक कारण या धोरणात आहे.

रस्त्यालगतच्या जागेला आणखी एक अडथळा होता. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू या प्रकरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झाले. पुढे नगरपालिका हद्दीला सूट मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत क्षेत्रांबाबत ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. तरुणाने टेप घेऊन रस्त्यापासून जागा मोजली होती. हद्द कोणाची, गाव किती मोठे आणि रस्त्याचा दर्जा काय, हेही पाहावे लागते, हे मी त्याला सांगितले.

मुख्य मुद्दा मात्र अंतराचा नाही. १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की पेय म्हणून दारूचा व्यापार करणे हा मूलभूत हक्क नाही. राज्य तो पूर्ण बंद करू शकते, स्वतः करू शकते किंवा अटी घालून इतरांना करू देऊ शकते. जेवणाच्या परवान्यासाठी आपण हक्काने उभे राहतो, दारूच्या परवान्यासाठी मेहेरबानी मागतो. फाईल एकच असली तरी अर्जदार दोन ठिकाणी दोन वेगळी माणसे असतात.

गाण्याचे घड्याळ

तिसरा कागद मला सर्वांत रंजक वाटला. हॉटेलात ऑर्केस्ट्रा ठेवायचा तर १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालचे नियम लागतात. हे नियम १९६० चे. सिनेमा वगळून सार्वजनिक करमणुकीच्या सगळ्या जागा आणि खेळ त्यांत येतात आणि त्यांच्या लांबलचक नावातच 'मेळे आणि तमाशे' हे शब्द आहेत. कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून गंमत वाटेल. आजच्या बारमधला कीबोर्डवाला आणि कालचा ढोलकीवाला एकाच नियमाच्या छपराखाली बसले आहेत. पोलीस आयुक्तालयाच्या शहरात आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी हे त्यांचे परवाना अधिकारी.

पण हक्काच्या बाबतीत गाणे दारूपेक्षा वेगळ्या रांगेत उभे आहे. ते डान्स बारच्या लांबलेल्या खटल्यातून उघड झाले. २००५ मध्ये, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घालून बारमधल्या नृत्यावर बंदी आली. तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना मात्र सूट होती. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. नृत्य हे उपजीविकेचे साधन आहे, ते बंद करून हजारो स्त्रियांचा रोजगार गेला आणि एकच नृत्य मोठ्या हॉटेलात चालते व लहान बारमध्ये चालत नाही हा भेद टिकणारा नाही, असा त्याचा आशय होता. राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्यातल्या अनेक अटी गेल्या. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटरची अट गेली, नृत्याच्या जागी दारू न देण्याची अट गेली, सीसीटीव्हीची सक्ती गेली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र राहिली.

राज्य दारू पूर्ण बंद करू शकते, पण कलेवर पोट भरणाऱ्याला सहजासहजी घरी बसवू शकत नाही. कलेला लगाम लागतो तो शेजाऱ्याच्या झोपेचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराला तेवढी सवलत आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि खासगी जागेतला आवाज तिच्या सीमेवर परिसराच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त भरता कामा नये. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

रेकॉर्ड लावायची म्हटले तरी सुटका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधीला आणि लग्नाच्या वरातीला सूट आहे. हॉटेलला नाही. वरातीत फुकट वाजणारे गाणे हॉटेलात वाजले की हक्कधारकांना शुल्क द्यावे लागते.

आडवी बाटली

हे सगळे समजावून झाले तेव्हा तरुणाची आई दाराशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "भावजी, समदं खरं. सायबास्नी इचारायचं, पोलिसास्नी इचारायचं. आमास्नी कोन इचारनार?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, पण ते उशिरा येते. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा स्त्री मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सहीनिशी मागणी केली, की दारूच्या परवानाधारक जागांबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षर न येणाऱ्या बाईलाही मत देता यावे, इतकी ही चिन्हे सोपी आहेत. पण मोजणी सोपी नाही. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. समजा, गावात १२०० स्त्री मतदार आहेत. सह्या ३०० लागतील, पण बाटली आडवी व्हायला ६०१ मते लागतील. त्या दिवशी जी ऊसतोडीला गेली, जी लग्न होऊन सासरी गेली पण यादीत राहिली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने धरले जाते.

शिवाय हे मतदान परवाना मिळाल्यानंतरचे. तोवर मालकाने कर्ज काढलेले असते, पोरे कामाला लागलेली असतात. मग गावात दोन तट पडतात आणि बाया विरुद्ध हॉटेल असे त्याला रूप येते. गाण्याबाबत तर मतदानही नाही. झोपमोड झालेल्याने रात्री पोलिसांना फोन करायचा, एवढेच हाती राहते.

आधी विचारण्याची जागाही आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ७ नुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची सभा भरणे बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांच्या वहीत भरते. बार आणि ऑर्केस्ट्राचा प्रश्न परवान्याच्या आधी त्या सभेपुढे खरोखर ठेवला गेला, तर कित्येक आडव्या बाटल्यांचे तंटे उभेच राहणार नाहीत.

तरुणाने फाईलचे तीन भाग केले. जेवणाचा अर्ज आधी द्यायचे ठरवले. बाकीच्या दोन भागांवर त्याची आई म्हणाली, "आदी सबा घ्या, मग बगू." मी त्यात काही भर घातली नाही. यंदाच्या हंगामात मध्यरात्री भुकेल्या ड्रायव्हरला गरम भाकरी मिळाली, तरी त्या जागेचे निम्मे काम झाले असे मी समजेन. उरलेल्या निम्म्याबद्दल गावातल्या बायकांनी बोलायचे आहे.