फुटलेली काच आणि तिच्यामागची बॅटरी

मोबाइलच्या काचेवर किल्ल्यांचा ओरखडा सहसा उठत नाही. ओरखडा पाडते ती वाळू. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत वाळूतलं क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे, मोबाइलची काच सहाच्या आसपास आणि घराची पितळी किल्ली तीन-चारच्या घरात. खिशात शिरलेले धुळीचे दोन कण काचेला इतकी बारीक चीर पाडतात की ती डोळ्यांना दिसतही नाही. मग एके दिवशी फोन फरशीवर आपटतो आणि सगळा ताण नेमका त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये हेच गणिताने मांडलं होतं. काच तिच्या सैद्धांतिक ताकदीच्या कितीतरी आधी तुटते, याचं कारण या सूक्ष्म चिरा.

चिरा पसरू नयेत म्हणून मोबाइलच्या काचेवर एक खास संस्कार होतो. ती सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशिअम नायट्रेटमध्ये, म्हणजे आपल्या सोऱ्यात, बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागाजवळचे सोडिअमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशिअमचे आयन येऊन बसतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकला की बाकीचे जसे आवळले जातात, तसा काचेचा वरचा पातळ थर सतत दाबाखाली राहतो आणि चिरेचं तोंड मिटलेलं राहतं. पण हा थर असतो जेमतेम काही डझन मायक्रॉन जाडीचा. चीर त्याच्या आत उतरली की आतला साठलेला ताणच तिला पुढे रेटतो, आणि काचेवर ते ओळखीचं जाळं उमटतं.

इथून पुढचा प्रश्न घरोघरी सारखाच असतो: फोन दुकानात द्यायचा की डिस्प्ले घरीच बदलायचा? यूट्यूबवर पाच मिनिटांत डिस्प्ले बदलून दाखवणारे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि सुटे भाग ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. काही फोनच्या बाबतीत हे काम घरी नक्की करता येतं. मात्र ‘फक्त काच बदलू’ हा विचार आधी डोक्यातून काढून टाकायला हवा.

कारण मोबाइलच्या पुढच्या बाजूला एक काच नसते, थर असतात. सर्वांत वर संरक्षक काच. तिच्याखाली स्पर्श ओळखणारी पारदर्शक वाहकाची जाळी. बोट जवळ आलं की तिची विद्युत धारिता किंचित बदलते आणि फोनला बोटाची जागा कळते. त्याखाली चित्र दाखवणारा एलसीडी किंवा ओएलईडीचा थर. मध्ये हवेची फट राहू नये म्हणून हे सारं पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवलेलं असतं. त्यामुळेच चित्र थेट काचेवर उमटल्यासारखं दिसतं, आणि त्यामुळेच वरची काच एकटी निघत नाही. दुकानात ती काढतात तेव्हा डिस्प्ले गरम पाटावर ठेवून केसासारख्या बारीक तारेने गोंद कापतात, नवा गोंद आणि काच निर्वात यंत्रात बसवतात आणि मग दाबाखाली बुडबुडे घालवतात. घरी हे होत नाही. घरी बदलायचा तो अख्खा डिस्प्ले, ज्याला बाजारात ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात.

पडद्यावर शाईसारखा काळा-जांभळा डाग पसरत असेल तर काचेसोबत आतला थरही गेला आहे. ओएलईडीतल्या सेंद्रिय पदार्थांना हवेतली आर्द्रता आणि प्राणवायू सोसत नाही, म्हणून हा डाग दिवसागणिक वाढतो. कधी चित्र ठीक असतं, पण फोन आपोआप अ‍ॅप उघडतो, भलत्यालाच कॉल लावतो, चुकीचा पिन टाकत राहून स्वतःलाच कुलूप लावून घेतो. हा स्पर्शाच्या थराचा बिघाड. अशा फोनमधले फोटो आणि संपर्क वाचवायला एक साधा उपाय आहे: ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून संगणकाचा माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर लगेच बाण दिसतो आणि सगळा बॅकअप घेता येतो. तो घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

आता खरी जोखमीची गोष्ट. डिस्प्ले बदलताना धोका डिस्प्लेचा नसतो, त्याच्या मागे काही मिलिमीटरवर असलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा असतो. 5000 मिलिअँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास, म्हणजे जवळजवळ 70 हजार जूल ऊर्जा असते. तिचे धन आणि ऋण थर वेगळे ठेवतो तो प्लॅस्टिकचा पडदा, जेमतेम 10-20 मायक्रॉन जाडीचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक घुसलं, बॅटरी वाकली किंवा जास्त तापली की पडदा फाटतो, दोन्ही थर भिडतात, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात आणि काही सेकंदांत धूर व ज्वाळा बाहेर पडतात. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असू शकतो. बॅटरी जितकी रिकामी, तितका हा भडका कमी. म्हणून उघडण्याआधी चार्ज 25 टक्क्यांखाली आणावा, फोन पूर्ण बंद करावा आणि जवळ कोरड्या वाळूचं घमेलं ठेवावं. बॅटरीतून फसफस ऐकू आली, गोडसर रासायनिक वास आला किंवा धूर निघाला, तर ती चिमट्याने वाळूत टाकून खोलीबाहेर पडा. आग पसरली तर 101 किंवा 112. फोनची पाठ फुगलेली असेल, तर हे काम घरी करायचंच नाही.

टेबल खिडकीजवळचं असावं, वर पांढरा कागद. डोळ्यांवर चष्मा हवाच. फुटलेल्या काचेवर आधी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्यावी; कणही उडत नाहीत आणि सक्शन कपला पकडही मिळते. पॉलिस्टरचे कपडे टाळावेत आणि अधूनमधून धातूच्या नळाला हात लावावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जातो. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हिवाळ्यात याची गरज जास्त. स्क्रू काढताना कागदावर फोनची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवावा. ही नुसती टापटीप नाही. स्क्रूंच्या लांबीत मिलिमीटरच्या काही दशांशांचाच फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो थेट मदरबोर्डमध्ये रुततो.

पाठ उघडल्यावर पहिलं काम एकच: बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तो नखाएवढा चौकोन प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलायचा, तिरका नाही आणि लोखंडी हत्याराने तर नाहीच. त्यानंतर डिस्प्लेची रिबन. मग पुढच्या बाजूच्या कडेला हेअर ड्रायरची हवा फिरवत राहायचं. गोंद 60 ते 80 अंशांच्या दरम्यान मऊ पडतो. हात ठेवता येणार नाही इतका फोन तापला, तर थांबा. सक्शन कपने कड किंचित उचलली की त्या फटीत पातळ प्लॅस्टिकचा पिक सरकवून दोन-तीन मिलिमीटर आतूनच कडेकडेने फिरवायचा. गोंद अडला तर पुन्हा उष्णता द्यायची, जोर नाही. घाई इथेच नडते. काही जण तव्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर फोन गरम करतात. तो प्रकार जिवावरचा आहे. चौकटीतला जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, पण ते ज्वालाग्राही असल्यामुळे तेव्हा ड्रायर बंद आणि खिडकी उघडी हवी.

नवा डिस्प्ले चिकटवण्याआधी जोडून पाहा. एखादं चिन्ह बोटाने पडद्यावर सगळीकडे ओढत न्या. कुठे सुटलं तर त्या जागी स्पर्श चालत नाही. प्रकाश कमी-जास्त करा, समोरचा कॅमेरा, कॉल आणि बोटाचा ठसा तपासा. मूळ ओएलईडी असलेल्या फोनला स्वस्त एलसीडी कॉपी लावली, तर पडद्याखालचा ठसा वाचणारा सेन्सर सहसा चालत नाही. सगळं नीट असेल तरच फोन बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवून गोंद लावावा आणि रबर बँडांनी बांधून रात्रभर ठेवावा. एकदा उघडलेल्या फोनचं जलरोधकत्व मात्र गेलं असं समजूनच चालावं. पावसाळ्यात त्याला पिशवीत ठेवा, मूळ खोक्यावर आयपी68 लिहिलेलं असलं तरी.

माझं मत विचाराल तर हे काम हमी संपलेल्या, सपाट एलसीडीच्या, पाठ सहज निघणाऱ्या जुन्या फोनवरच घरी करावं. वक्र ओएलईडी, घडीचे फोन आणि काचेच्या पाठीचे महागडे फोन जाणकाराकडेच द्यावेत.

मात्र दुरुस्ती अवघड होण्यात निसर्गनियमांचा वाटा थोडाच आहे; बराचसा कंपन्यांच्या निवडीचा आहे. फेअरफोन नावाच्या फोनचा डिस्प्ले साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटतो. 2021 मध्ये आयफोन 13 चा डिस्प्ले बाहेर बदलला की फेस आयडी बंद पडायचा. टीका झाल्यावर अ‍ॅपलने सॉफ्टवेअर बदलून तो अडथळा काढला. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यावरही डिस्प्लेसारखे महत्त्वाचे भाग सात वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. अस्सल भाग आणि मॅन्युअल खुल्या बाजारात मिळाले, तर घरी आणि गल्लीतल्या दुकानातही दुरुस्ती अधिक सुरक्षित होईल. म्हणून पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा: याचा अस्सल डिस्प्ले केवढ्याला पडतो, आणि तो किती वर्षं मिळेल?