टायरवरील अंकांचा अन्वय

मोटारीच्या टायरच्या बाजूवर उठावाने छापलेली अंकाक्षरे सहसा कोणी वाचीत नाही. दुकानदाराने माप सांगावे व ग्राहकाने ते मान्य करावे, असाच प्रघात आहे. वस्तुतः ही अंकाक्षरे म्हणजे एक लहानशी, परंतु काटेकोर नियमांनी बांधलेली चिन्हव्यवस्था होय. छोट्या स्पोर्ट्स मोटारीस मूळच्यापेक्षा मोठी चाके व कमी उंचीचे टायर बसविण्याची हौस पुष्कळांना असते. त्या बदलाने काय साधते व काय गमवावे लागते, हे या चिन्हव्यवस्थेच्या आधारे स्पष्ट करावे, एवढेच प्रस्तुत टिपणाचे प्रयोजन आहे.

१. उदाहरण व त्याचे वाचन

उदाहरणादाखल ‘माझदा एमएक्स-५’ ही दोन आसनांची जपानी मोटार घेऊ. ही मोटार १९८९ साली शिकागो येथील प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. सुरुवातीच्या मोटारीचे वजन एक टनाहून कमी होते, व तिच्या पहिल्या पिढीस १८५/६० आर १४ या मापाचे टायर होते.

या सूत्रातील तीन संख्यांची एकके तीन प्रकारची आहेत. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. ६० ही संख्या शेकडेवारी दर्शविते. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर आहे, असा तिचा अर्थ. १४ हा रिमचा व्यास असून तो इंचांत आहे. एकके छापलेली नसतात. संख्येच्या स्थानावरूनच ती ओळखावयाची असतात. त्यांतही दुसरी संख्या सापेक्ष आहे. पहिलीवाचून तिला स्वतःची लांबी नाही. २०५ च्या पुढे आलेले ४० म्हणजे ८२ मिलिमीटर, तर १८५ च्या पुढे आलेले तेच ४० म्हणजे ७४ मिलिमीटर.

‘आर’ या अक्षराविषयी एक लोकव्युत्पत्ती रूढ आहे. त्याचा अर्थ त्रिज्या असा पुष्कळजण करतात. परंतु त्यापुढील संख्या त्रिज्येची नसून व्यासाची आहे. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह होय. या बांधणीत टायरमधील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली तिचे पेटंट घेतले.

२. अन्वय

‘काळा घोडा धावला’ या वाक्यात ‘घोडा’ या पदाच्या जागी ‘घोडी’ हे पद घातले, की विशेषण व क्रियापद दोन्ही बदलावी लागतात. टायरच्या सूत्रातही असाच अन्वय पाळावा लागतो. येथे स्थिर ठेवावयाची गोष्ट म्हणजे चाकाचा एकूण व्यास. रिमचा व्यास आणि बाजूच्या उंचीची दुप्पट यांची बेरीज करून तो मिळतो. मूळ मापाचा व्यास ३५५.६ अधिक २२२, म्हणजे ५७७.६ मिलिमीटर येतो.

आता केवळ शेवटची संख्या बदलून १८५/६० आर १५ असे माप घेतले, तर व्यास ६०३ होतो, वाढ ४.४ टक्के. मूळचे स्पीडोमीटर बिनचूक असले, तरी ते १०० दाखवीत असता मोटार प्रत्यक्षात १०४ हून अधिक वेगाने धावत असेल. याउलट तिन्ही संख्या मिळून बदलल्या व १९५/५० आर १५ हे माप घेतले, तर व्यास ५७६ येतो. फरक दोन मिलिमीटरहूनही कमी. पुढच्या पिढीतील काही मोटारींना निर्मात्याने स्वतः हेच माप दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. २०५/४० आर १७ या मापाचा व्यास ५९५.८ भरतो. येथे व्यास ३ टक्क्यांनी वाढतो, त्या प्रमाणात मोटारीची उठाव घेण्याची शक्ती घटते, आणि चाक व मडगार्ड यांतील अंतर सुमारे ९ मिलिमीटरने कमी होते.

३. लाभ आणि हानी

स्टिअरिंग फिरविले असता प्रथम रिम वळते, मग टायरची बाजू पिळली जाते, आणि शेवटी जमिनीस टेकलेला भाग दिशा बदलतो. बाजू आखूड असल्यास हा विलंब कमी होतो व मोटार तत्परतेने वळते. हा लाभ खरा आहे.

परंतु हीच बाजू एक स्प्रिंगही असते. तिची उंची १११ वरून ८२ मिलिमीटरवर आली, की खड्ड्याची कडा व रिम यांच्यामध्ये टायर चिमटण्याचा संभव वाढतो. टायर फाटतो किंवा रिम वाकते. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते, व तिचे वजन अक्षापासून दूर जाते. फिरत्या वस्तूचे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग घेणे व थांबणे ही दोन्ही कामे अवघड होतात. हलक्या मोटारीत हा भार विशेष जाणवतो. रुंदीविषयीही गैरसमज आहे. जमिनीस टेकणारे क्षेत्र मुख्यत्वे चाकावरील भार व हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केल्याने ते क्षेत्र आडवे पसरते व लांबीत आखडते. त्याचे आकारमान फारसे वाढत नाही. ओल्या रस्त्यावर तर रुंद टायर पाण्यावर लौकर तरंगू लागतो.

४. दुर्लक्षित चिन्हे

मापापुढे ‘८२ एच’ यांसारखी खूण असते. ८२ म्हणजे एका टायरची भारक्षमता ४७५ किलोग्रॅम. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. टायर ठेंगणा झाला, की त्यातील हवेचे आकारमान घटते, आणि प्रत्यक्षात भार वाहणारी ती हवाच होय. म्हणून नव्या टायरची भारक्षमता मूळच्यापेक्षा कमी नसावी, व त्यातील दाबही नव्या मापास अनुसरून ठरवावा. रिमबाबतही तिची रुंदी, बोल्टांची मांडणी (या मोटारीत १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार) आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून ती जेथे बसते त्या पृष्ठभागाचे अंतर, ही जुळावी लागतात. ऑफसेट चुकल्यास चाक मडगार्डास किंवा आतील भागास घासते.

या विवेचनावरून असे दिसते, की प्रस्तुत मोटारीस एक इंचाची वाढ सहज सोसते. त्यापुढील प्रत्येक इंचागणिक शोभा वाढते, परंतु उपयुक्तता उतरत जाते. मोटारीचा व तिच्यातील माणसांचा सर्व भार तळहाताएवढ्या चार ठिकाणांवर तोललेला असतो. म्हणून खरेदीपूर्वी जुन्या व नव्या टायरवरील सूत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे आणि दोहोंच्या व्यासांची बेरीज कागदावर मांडून पाहावी.